एक बास्क मुलूख, दोन देश: मुंबईहून जाण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

धोबी तलावच्या झेवियर्स कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते फ्रान्सिस झेवियर कुठले, असं विचारलं तर बरेच जण पोर्तुगालचे म्हणतील, कारण १५४२ मध्ये ते पोर्तुगिजांबरोबर गोव्याला आले. थोडं वाचलेले स्पेनचे म्हणतील. १५०६ साली ते जन्मले तेव्हा त्यांचा खाविएरचा किल्ला नाव्हार्रा नावाच्या एका स्वतंत्र राज्यात होता. ते सहा वर्षांचे असताना, १५१२ मध्ये, कास्तिलच्या, म्हणजे आजच्या स्पेनचा गाभा असलेल्या राज्याच्या, फौजेने ते राज्य घेतलं. चारेक वर्षांनी त्यांच्या घरच्या किल्ल्याचे बुरूज पाडण्याचा हुकूम सुटला. पिरेनीज डोंगररांगेच्या उत्तरेकडचा एक तुकडा तेवढा कास्तिलच्या हाती टिकला नाही. तो नाव्हार्राच्या राजघराण्याकडे राहिला आणि पुढे त्याच घराण्यातला राजा फ्रान्सच्या गादीवर बसल्यावर १६२० मध्ये फ्रान्समध्ये विलीन झाला.

१५२१ मध्ये हे राज्य परत मिळवायला जी फौज निघाली, तिच्या बाजूने झेवियरांचे भाऊ लढत होते. समोर पाम्प्लोनाच्या किल्ल्यात कास्तिलच्या बाजूने लढताना एका तरुणाच्या पायावर तोफेचा गोळा बसला. तो इग्नेशियस लोयोला, आणि तोही बास्कच. पुढे हे दोघे पॅरिसला एका खोलीत राहिले, शिकले आणि त्यांच्या सोबत्यांसह त्यांनी जेझुइट संघ उभा केला. मुंबईत ज्या संघाची शाळा-कॉलेजं आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो, त्याचे दोन मोठे संस्थापक असे एका दुभंगलेल्या मुलखातून आले.

हा मुलूख म्हणजे बास्क प्रदेश. तिथली माणसं त्याला एउस्काल हेर्रिया म्हणतात. आठवड्याभराच्या सुट्टीत तो दोन्ही बाजूंनी पाहता येतो. पण नुसती सुंदर शहरं आणि समुद्रकिनारे बघून परत आलं तर त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हातून निसटतं. एकच भाषा, एकच लोक, आणि मधून गेलेली एक रेघ. त्या रेघेने काय काय बदललं आणि काय बदललं नाही, हे इथे डोळ्यांनी बघता येतं.

नकाशा आधी डोक्यात बसवू

फ्रान्स आणि स्पेन जिथे अटलांटिकच्या काठावर एकमेकांना भेटतात, तिथे समुद्र आणि डोंगर यांच्या बेचक्यात सात प्रांत आहेत. बिस्काया, गिपुस्कोआ, आराबा आणि नाफार्रोआ हे चार स्पेनमध्ये. लापुर्दी, बेहे नाफार्रोआ आणि सुबेरोआ हे तीन फ्रान्समध्ये. सगळे मिळून लोकसंख्या साधारण तीस लाख, म्हणजे मुंबईच्या उपनगरांतच मावेल इतकी. त्यातले जेमतेम तीन लाख फ्रान्सच्या बाजूला.

स्पेनमधले चारही एका छत्राखाली नाहीत. पहिले तीन मिळून ‘बास्क स्वायत्त प्रदेश’ आहे आणि नाफार्रोआ, म्हणजे जुनं नाव्हार्रा, स्वतंत्र स्वायत्त प्रदेश आहे. फ्रान्सच्या तीन प्रांतांना तर प्रांत म्हणून काही अधिकारच नाहीत. १७८९ च्या क्रांतीनंतर तिथल्या जुन्या पंचायती आणि हक्क रद्द झाले आणि शेजारच्या बेआर्न भागाशी जोडून एक सरकारी जिल्हा केला गेला. त्या तीन प्रांतांची मिळून पहिली संस्था उभी राहिली ती थेट १ जानेवारी २०१७ ला, १५८ गावं एकत्र करून, आणि तिचे अधिकारही पाणी, वाहतूक, कचरा, घरबांधणी असल्या कामांपुरते.

गावांना दोन-दोन नावं आहेत आणि पाट्यांवर ती दोन्ही दिसतात. सान सेबास्तियान म्हणजेच दोनोस्तिया, पाम्प्लोना म्हणजेच इरुन्या, बायोन म्हणजेच बायोना. बेळगावच्या एसटीची पाटी वाचलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. मात्र तिकीट काढताना दोन्ही नावं माहीत असू द्या.

व्हिसा कोणत्या देशाचा?

मुंबईहून निघणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. स्पेन आणि फ्रान्स दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, म्हणून व्हिसा एकच लागतो. तो मागायचा त्या देशाकडे जिथे तुमचा मुक्काम जास्त दिवसांचा आहे. दोन्हीकडे सारखेच दिवस असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पहिल्यांदा शिरणार त्याच्याकडे. मुंबईत स्पेनचे अर्ज बीएलएस घेते, फ्रान्सचे व्हीएफएस. या दोन्ही कंपन्या कागद गोळा करून पुढे पाठवतात, निर्णय वकिलातीचा असतो.

समजा तुम्ही मुंबई ते पॅरिस विमानाने गेलात, तिथून रेल्वेने बायोनला उतरलात, दोन रात्री राहिलात आणि पुढे दोनोस्तिया नि बिलबाओमध्ये पाच रात्री काढल्यात. पाय पहिल्यांदा फ्रान्सला लागले, तरी अर्ज स्पेनकडेच करायचा. फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा इस्तंबूलला विमान बदलून थेट बिलबाओला उतरलात तरी हिशेब तोच, रात्रींचा. ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते त्याच्याकडे अर्ज टाकायचा आणि हॉटेलची खोटी बुकिंगं जोडायची, हा सल्ला आपल्याकडे बिनदिक्कत दिला जातो. तो ऐकू नका. विमानतळावरचा अधिकारी परतीचं तिकीट आणि बुकिंग बघायला मागू शकतो आणि नकाराची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटून राहते.

बाकीचे नियम सरळ आहेत. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी तो गेलेला असावा, आणि उन्हाळी सुट्टीसाठी जायचं असेल तर जानेवारीतच हालचाल सुरू करावी. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी, शिवाय केंद्राचा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. एकदाच प्रवेशाचा, म्हणजे सिंगल एंट्री व्हिसा मिळाला म्हणून घाबरू नका. स्पेनमधून फ्रान्समध्ये जाणं म्हणजे शेंगेनच्या बाहेर जाणं नव्हे, त्यामुळे ती रेघ दिवसातून चार वेळा ओलांडली तरी तुमची एंट्री एकच राहते. दोन्हीकडे चलन युरो आणि घड्याळही एकच. एका बाजूला घेतलेलं सिम कार्ड दुसऱ्या बाजूलाही चालतं.

रेघ ओलांडताना काय दिसतं

दोनोस्तियाच्या अमारा स्टेशनवरून ‘तोपो’ नावाची छोटी गाडी सुटते. तोपो म्हणजे चिचुंद्रीसारखा बिळं करणारा प्राणी. वाटेत बोगदे खूप, म्हणून हे नाव पडलं. पाऊण तासाच्या आत ती इरून ओलांडून, बिदासोआ नदीवरच्या पुलावरून हेन्दायाला, फ्रेंच नावाने आंदायला, पोचते. त्या पुलावर देश बदलतो. डब्यात शाळेची पोरं, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, कामावरून परतणारी माणसं, कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही.

मुंबईकरांनी हेन्दायाला उतरल्यावर रुळांकडे जरूर बघावं. तोपो मीटर गेजवर चालते. स्पेनच्या मोठ्या गाड्या १६६८ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर, म्हणजे आपल्या लोकलच्या १६७६ पेक्षा फक्त आठ मिलिमीटरने अरुंद. फ्रान्सच्या गाड्या १४३५ च्या स्टँडर्ड गेजवर. एवढ्याशा सरहद्दीवरच्या गावात तिन्ही प्रकारचे रूळ येऊन थांबतात. त्यामुळेच पॅरिसहून आलेली गाडी तशीच पुढे माद्रिदकडे जात नाही आणि इथे उतरून गाडी बदलावी लागते. सरहद्दीवरचा पहारा उठला, रूळ मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या दोन सरकारांच्या मर्जीप्रमाणे आजही वेगवेगळे आहेत.

त्याच नदीत फैझान बेट आहे, जेमतेम दोनशे मीटर लांब. वस्ती नाही, एक स्मारक आणि झाडं. १६५९ मध्ये स्पेन आणि फ्रान्स यांच्यातला पिरेनीजचा तह इथेच झाला आणि बास्क मुलखाची वाटणी कायमची झाली. तह पक्का करायला स्पेनच्या राजकन्येचं लग्न चौदाव्या लुईशी ठरलं. १६६० च्या जूनमध्ये ते इथून जवळच सां-ज्याँ-द-ल्यूझच्या चर्चमध्ये लागलं. ते चर्च आजही पाहता येतं, लाकडी सज्जांच्या रांगांसकट. बेटाची मालकी दोन्ही देशांची आहे. १ फेब्रुवारी ते ३१ जुलै ते स्पेनच्या ताब्यात असतं आणि उरलेले सहा महिने फ्रान्सच्या. बेटावर एरवी जाऊ देत नाहीत, काठावरून बघायचं.

ही सरहद्द सगळ्यांसाठी सारखी मोकळी नाही, हेही इथे सांगायला हवं. २०१५ पासून फ्रान्सने हद्दीवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. पूल आणि गाड्यांमध्ये पोलिस थांबवतात, आणि कुणाला थांबवायचं हे बरेचदा कातडीच्या रंगावरून ठरतं. पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका. पश्चिम आफ्रिकेतून हजारो मैल चालत-तरंगत आलेले तरुण या पुलावरून परत पाठवले जातात. मग ते रात्री नदीत उतरतात. २०२१ पासून त्यातले काही बुडून मेले आहेत. ज्या नदीवरून आपण आइस्क्रीम खात पाच मिनिटांच्या होडीने स्पेनकडच्या ओंदार्रिबियाहून हेन्दायाला जातो, ती हीच नदी.

भाषा: इथे थोडं थांबायला हवं

बास्क लोकांची भाषा एउस्कारा. युरोपात तिला एकही ज्ञात नातेवाईक नाही. मराठी आणि स्पॅनिश दूरच्या का होईना पण एका कुळातल्या आहेत. एउस्कारा मात्र रोमन येण्याच्या आधीपासून त्या डोंगरांत एकटी टिकून आहे. आणि तरीही तिच्यात एक गोष्ट अशी आहे जी मराठी माणसाला स्पॅनिश-फ्रेंच माणसापेक्षा लवकर कळते. आपण ‘माणूस आला’ म्हणतो, पण ‘माणसाने सफरचंद खाल्लं’ म्हणतो. कर्म असलं की कर्त्याला ‘ने’ लागतो. एउस्कारात तसंच आहे. ‘गिसोना एतोर्री दा’, माणूस आला. ‘गिसोनाक सागार्रा यान दु’, माणसाने सफरचंद खाल्लं. शेवटचा तो ‘क’ म्हणजे त्यांचा ‘ने’. आपल्याकडे हे भूतकाळातच होतं, त्यांच्याकडे सगळ्या काळांत.

आता रेघेने काय केलं ते बघा. स्पेनमध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीत या भाषेला शाळेतून, कचेरीतून आणि रस्त्यावरून हाकललं गेलं. १९६० नंतर आईबापांनी आणि काही धीट शिक्षकांनी एउस्कारातून शिकवणाऱ्या शाळा चोरून-मारून सुरू केल्या, त्यांना इकास्तोला म्हणतात. १९६८ मध्ये बोलीबोलींतून सगळ्यांना चालेल असं एक प्रमाण रूप ठरवायला सुरुवात झाली. फ्रँको गेला आणि १९७९ च्या स्वायत्तता कायद्याने तीन प्रांतांत एउस्कारा स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा झाली. पुढे शाळांचे तीन प्रकार ठरले. एकात सगळं स्पॅनिशमधून आणि एउस्कारा हा एक विषय. दुसऱ्यात अर्धं-अर्धं, आपल्या सेमी-इंग्लिशसारखं. तिसऱ्यात सगळं एउस्कारामधून आणि स्पॅनिश हा विषय. निवड पालकांची.

पालकांनी काय निवडलं? पहिल्या काही वर्षांत स्पॅनिश माध्यमाकडे ओढा होता. आज बहुसंख्य मुलं तिसऱ्या प्रकारात शिकतात. यात भाषेवरचं प्रेम आहेच, पण सरकारी नोकरी, दवाखाना, पोलिस, शिक्षक या सगळ्या जागांसाठी एउस्कारा येण्याला महत्त्व दिलं गेलं, हेही तितकंच खरं कारण आहे. १९९१ मध्ये १६ ते २४ वयाच्या चार तरुणांमागे एकाला ही भाषा येत होती. २०२१ च्या पाहणीत ते प्रमाण चारांमागे जवळजवळ तीनवर गेलं.

नदीपलीकडे फ्रान्समध्ये तेच लोक, तीच भाषा, पण तिला राजभाषेचा दर्जा नाही. ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच’ असं वाक्य १९९२ पासून फ्रेंच राज्यघटनेतच आहे. तिथे इकास्तोला १९६९ पासून आहेत आणि त्या लोकांनी पदरमोड करून, जत्रा-मेळे भरवून चालवल्या आहेत. २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून संपूर्ण शिक्षण देण्याला बळ देणारं कलम संसदेने मंजूर केलं, पण घटना परिषदेने ते रद्द ठरवलं. त्या वर्षीच्या पाहणीत फ्रान्सच्या बाजूला पाचांपैकी एकच जण एउस्कारा बोलणारा निघाला आणि त्यातले बरेच वयस्क होते. पन्नास वर्षांपूर्वी चित्र उलटं होतं, उत्तरेकडच्या खेड्यांत ही भाषा जास्त जिवंत होती.

मला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते. आपल्या मुंबईत मराठी शाळांचे वर्ग रिकामे होताना आपण ‘पालकांनाच नको आहे’ असं म्हणून मोकळे होतो. इथे एकाच समाजातल्या पालकांनी नदीच्या दोन काठांवर दोन वेगळे निर्णय घेतले, कारण दोन सरकारांनी त्यांच्यापुढे दोन वेगळे पर्याय ठेवले होते. अर्थात दक्षिणेकडेही सगळं साधलेलं नाही. शाळेत शिकलेली भाषा मुलं गल्लीत खेळताना सोडून देतात, ही तिथल्या शिक्षकांची रोजची तक्रार आहे. बिलबाओच्या रस्त्यावर कान देऊन ऐका, स्पॅनिशच जास्त ऐकू येईल. एउस्कारा ऐकायची तर गिपुस्कोआच्या आतल्या गावांत, आस्पेइतिया किंवा तोलोसाला जा. आस्पेइतिया हे लोयोलाचं गावही आहे.

पैसा कुणाकडे जातो

आपल्याकडे मोठे कर दिल्लीला जातात आणि वित्त आयोगाने ठरवलेला वाटा राज्यांकडे खाली येतो. स्पेनमधल्या बास्क प्रांतांत उलटं आहे. आयकरापासून सगळे मुख्य कर प्रांत स्वतः गोळा करतात आणि संरक्षण, परराष्ट्र व्यवहार अशा कामांसाठी ठरलेली रक्कम माद्रिदला पाठवतात. ही व्यवस्था १८७८ पासूनची आहे. फ्रँकोने ती बिस्काया आणि गिपुस्कोआची शिक्षा म्हणून काढून घेतली होती, नंतर परत मिळाली. नाफार्रोआचा असाच वेगळा करार आहे. फ्रान्सच्या बाजूला मात्र मुख्य कर पॅरिसचेच. दक्षिणेकडचे रस्ते, मेट्रो, शाळांच्या इमारती बघताना हा फरक लक्षात ठेवा. बिलबाओची जहाजबांधणी आणि पोलाद १९८० च्या दशकात कोसळलं, आपल्या गिरण्या बंद पडत होत्या त्याच काळात. १९९७ मध्ये नदीकाठी गुगेनहाइम संग्रहालय उघडलं, त्याचा खर्च याच स्थानिक तिजोऱ्यांतून झाला.

जपून बोलायच्या गोष्टी

गेर्निकाला नक्की जा. २६ एप्रिल १९३७ ला, बाजाराच्या दिवशी, हिटलर आणि मुसोलिनीच्या विमानांनी फ्रँकोसाठी हे गाव जाळलं. या हल्ल्यावरचं पिकासोचं चित्र माद्रिदला आहे, पण गावात शांतता संग्रहालय आहे आणि ज्या ओकखाली बिस्कायाचे पुढारी जुन्या हक्कांची शपथ घेत त्या झाडाचा वंशज सभागृहाच्या अंगणात आहे.

त्यानंतरचा इतिहास अजून ओला आहे. स्वतंत्र बास्क देशासाठी १९५९ मध्ये स्थापन झालेल्या एता या सशस्त्र संघटनेने आठशेहून जास्त माणसं मारली. दुसरीकडे १९८० च्या दशकात स्पॅनिश सरकारातल्या लोकांनी पोसलेल्या गुप्त टोळ्यांनी फ्रान्सच्या हद्दीत शिरून खून पाडले. एताने २०११ मध्ये शस्त्र थांबवलं आणि २०१८ मध्ये संघटना विसर्जित केली. गावागावात मारले गेलेल्यांची आणि तुरुंगात गेलेल्यांची घरं शेजारी-शेजारी आहेत. ओळख नसताना, जेवणाच्या टेबलावर हा विषय आपण होऊन काढू नये. त्यांनी काढला तर ऐकावं.

जेवण, आणि तीन गाई

स्पेनच्या बाजूला दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं नऊच्या पुढे. फ्रान्सच्या बाजूला बारा ते दोन, आणि दोन वाजता स्वयंपाकघर बंद. अर्ध्या तासाच्या अंतरावर हा फरक आहे आणि लहान मुलं बरोबर असतील तर तो चांगलाच जाणवतो. वांद्र्याच्या कॅफेत मिळणारा वरून काळपट भाजलेला बास्क चीजकेक दोनोस्तियाच्या जुन्या गावात जन्मला. शाकाहारी लोकांनी तळलेल्या गेर्निका मिरच्या आणि अंडं चालत असेल तर बटाट्याचा ऑम्लेट यावर भिस्त ठेवावी. भाजी मागवली तरी तिच्यात हॅमचे तुकडे येतात, म्हणून आधी विचारा. फ्रान्समधल्या एस्पेलेटला शरदात घरांच्या पांढऱ्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत टांगलेल्या असतात. ती मिरची आपल्या बेडगीइतकीही तिखट नाही, पण वास फार सुंदर आहे.

जुलैमध्ये जाणार असाल तर १३ तारीख लक्षात ठेवा. नाफार्रोआच्या रोंकाल खोऱ्यातले लोक आणि पलीकडच्या फ्रान्समधल्या, बेआर्नच्या बारेतू खोऱ्यातले लोक त्या दिवशी डोंगरावर २६२ नंबरच्या हद्दीच्या दगडाशी जमतात. फ्रान्सकडचे सरपंच स्पेनकडच्यांना दोन वर्षांच्या, सारख्या रंगाच्या आणि सारख्या शिंगांच्या तीन गाई देतात. सगळे सरपंच दगडावर एकावर एक हात ठेवून शांततेची शपथ घेतात. पाणी आणि चराऊ कुरणांवरून खोऱ्याखोऱ्यांत रक्तपात होत होता, तो मिटवणारा निवाडा १३७५ साली झाला. फ्रान्स आणि स्पेन यांनी हद्द आखण्याच्या कितीतरी आधीचा हा करार मेंढपाळांनी आपसात केला आणि दोन्ही देशांच्या लढायांमधूनही पाळला. मला विचाराल तर या मुलखातला सगळ्यात मोठा राजकीय दस्तऐवज हाच आहे, पॅरिस आणि माद्रिदने केलेले तह नव्हेत.

पायी चालायची सवय असेल तर हद्द पायी ओलांडा. स्पेनमधल्या सान्तियागो या तीर्थक्षेत्राला जाणाऱ्या यात्रेकरूंची जुनी वाट फ्रान्समधल्या सां-ज्याँ-पिए-द-पोरहून निघते आणि साधारण २५ किलोमीटरवर स्पेनमधल्या रोन्सेसव्हालेसला पोचते. पहाटे निघालात तर दुपारी पोचाल. चढ मोठा आहे, सह्याद्रीतले ट्रेक केलेल्यांना जमेल, पण धुकं आणि वारा यांना कमी लेखू नका. डोंगरमाथ्यावरची ही वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते. त्या दिवसांत खालच्या व्हालकार्लोस गावाकडून जायचं. ते गाव डोंगराच्या फ्रान्सकडच्या उतारावर आहे, पण हद्द स्पेनची आहे.